टी-पेशीवरचे प्रथिन ‘गायब’ झाले? या चुका टाळा

फ्लो सायटोमेट्रीत (रंग जोडलेल्या अँटीबॉडीने एकेका पेशीवरची प्रथिने मोजण्याच्या तंत्रात) नव्याने पडलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: पीएमए आणि आयोनोमायसिन ही उत्तेजक रसायने देऊन टी-पेशी चार-पाच तास ठेवल्या आणि सीडी४ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा सिग्नलच बसला. लगेच अँटीबॉडीवर संशय! पण अँटीबॉडी बहुधा ठणठणीत असते. पीएमएमुळे प्रोटीन कायनेज-सी हे एन्झाइम जागे होते, सीडी४ची एलसीके या एन्झाइमवरची पकड सुटते आणि क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या मदतीने सीडी४ आत ओढले जाते. सीडी८ या टी-पेशींवरच्या दुसऱ्या प्रथिनाला ही झळ बरीच कमी लागते. तेव्हा नवी कुपी मागवण्याआधी पेशी फिक्स करा (रसायनाने आहेत तशा स्थिर करा), पटल सच्छिद्र करा आणि आतले सीडी४ही रंगवा.

मूळ चूक म्हणजे पृष्ठभागावरचा आकडा हाच एकूण साठा समजणे. सीटीएलए-४ हे टी-पेशींना आवर घालणारे प्रथिन घ्या. ते बाहेर येते आणि एपी-२ हे जोडप्रथिन त्याला जवळजवळ लगेच आत खेचते. बहुतेक साठा आतल्या पुटिकांमध्येच (पटलाच्या छोट्या पिशव्यांमध्ये) असतो. बर्फावर रंगवले तर त्या क्षणी बाहेर असलेले तेवढे दिसते. ये-जा मोजायची असेल तर जिवंत पेशींना ३७ अंशांवर तासभर अँटीबॉडीसोबत ठेवा. बाहेर डोकावलेले प्रत्येक प्रथिन अँटीबॉडी घेऊनच आत जाते. एलआरबीए हे प्रथिन नसलेल्या रुग्णांमध्ये हेच सीटीएलए-४ परत येण्याऐवजी लायसोसोममध्ये (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीत) जाऊन नष्ट होते. तिथे आतला साठाही घटतो, म्हणून दोन्ही मोजमापे हवीत.

उलट, फक्त बाहेरचे मोजायचे असेल तर सगळे काम ४ अंशांवर, बफरमध्ये सोडियम अझाइड (पेशीची ऊर्जा रोखणारे रसायन) घालून करा. अँटीबॉडीला दोन हात असतात. उबदार पेशीवर ती दोन रेणू एकत्र ओढते आणि ते आत जातात. म्हणजे मोजणाराच मोजमाप बिघडवतो.

आत शोधूनही सापडत नाही? मग ते कापले गेले असेल. सीडी६२एल हे पृष्ठभागावरचे प्रथिन ठळक उदाहरण: पेशी उत्तेजित होताच एडॅम-१७ हे एन्झाइम ते बाहेरून छाटते, तुकडा द्रवात सुटतो. पेशी गाळून उरलेला तो द्रव फेकू नका, त्यातच उत्तर असते. ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने पेशी सोडवल्या असतील तर कात्री तुम्हीच चालवलीत.

ओकेटी३ या सीडी३ला चिकटणाऱ्या अँटीबॉडीने उत्तेजित केलेल्या पेशींवर सीडी३ पुन्हा ओकेटी३नेच रंगवू नये. जागा आधीच भरलेली असते.

प्रथिनांची पेशीतली वाहतूक रोखणाऱ्या ब्रेफेल्डिन-एचा गोंधळ वेगळा. त्याने नवी प्रथिने गॉल्जी या पेशीतल्या वाटप-केंद्रापर्यंत पोचतच नाहीत. सुरुवातीपासून घातले तर सीडी६९ ही उत्तेजनाची खूण पृष्ठभागावर चढत नाही आणि पेशी सुस्त वाटतात. सीडी१०७एसाठी (पेशीने मारक द्रव्ये बाहेर सोडल्याची खूण) मोनेन्सिन हे वाहतूक रोखणारे दुसरे रसायन वापरतात, कारण ते पुटिकांमधले आम्ल मारते आणि परत आत गेलेल्या अँटीबॉडीचा रंग टिकतो. ही अँटीबॉडी मात्र पेशी उत्तेजित करतानाच घाला. शेवटी घातलीत तर सीडी१०७ए बाहेर येऊन कधीच परत गेलेले असते.