पांदणीवर ऑटोमॅटिक गाडी नेता? तं आधी गिअरबॉक्सचं पॅन पाहा

आमच्या वरुड-मोर्शीकडं पांदण म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, पण ती काय असते ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळते. पावसाळाभर ट्रॅक्टर जाऊन जाऊन काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पडते, मधात उंचवटा राहते, अन् दिवाळीपर्यंत ऊन लागून तो उंचवटा असा कडक होते की कुदळ मारली तं ठणकते. त्यात गोटेही पुरलेले असते. ट्रॅक्टर उंच आहे म्हणून निघून जाते, आपल्या गाडीचं पोट घासते. अन् ऑटोमॅटिक गाडी असली तं त्या पोटात मधोमध गिअरबॉक्सचं पॅन असते, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर पत्र्याची परात, गिअरबॉक्सचं तेल त्यातच साठते.

माझ्यासोबत झालं ते आधी सांगतो. संत्र्याच्या बागेतून रात्री येऊन राहिलो होतो, खालून ठण्ण आवाज आला. उतरून टॉर्च मारला, तेलाचा एक थेंब नाही. बरं झालं म्हणून तसाच घरी आलो, दुसऱ्या दिवशी बाजारालाही जाऊन आलो, अन् घाट चढताना गाडी रेस घ्यायची पण ओढायचीच नाही. बॉक्स खोलला तेव्हा कळलं, पॅन फुटलं नव्हतं, फक्त आत दबलं होतं, पण त्या पोच्यानं आतली जाळी म्हणजे फिल्टरचं तोंडच झाकून टाकलं. तेल होतं, पंपाला ओढता येत नव्हतं. प्रेशर पडलं, क्लच प्लेटा घसरून जळल्या. म्हणून गाठ मारून ठेवा, तेल गळलं नाही म्हणजे वाचलो असं नसते.

आता पॅन बदलून मजबूत बसवायचं हे काम कोणाला लागते. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी ऑटोमॅटिक असली तं, जसं २०२० पासूनची थार ऑटोमॅटिक. मॅन्युअल बोलेरो, जिप्सीवाल्यांनी हे सोडून द्या, त्यांना असलं पॅन नसते, त्यांनी इंजिनच्या ऑइल संपाखाली, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या परातीखाली, चांगला गार्ड लावावा, बस. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असलेल्या बऱ्याच गाड्यांत पॅन प्लास्टिकचं असते अन् फिल्टर त्यातच बसवलेला असते, तिथं धातूचं पॅन घेतलं तं फिल्टर वेगळा घ्या लागते, ते आधीच विचारून घ्या.

बाजारात हेवी ड्युटी म्हणून जे पॅन येते ते बरेचदा मूळ पॅनपेक्षा खोल असते. जास्त तेल बसते, थंडही राहते, हे खरं आहे. पण भाऊ, एक इंच खोल पॅन म्हणजे पोट एक इंच खाली, अन् आपलं सगळं दुखणं तं तिथंच आहे. ज्याला डांबरी रस्त्यावर जड ट्रॉली ओढायची त्यानं खोल घ्यावं, पांदणीवाल्यानं जाड घ्यावं, मूळ पॅनएवढ्याच खोलीचं. घ्यायच्या आधी गाडीखाली जाऊन एक सरळ लोखंडी पट्टी क्रॉस मेंबरपासून (चेसिसचा आडवा दांडा) पुढच्या क्रॉस मेंबरपर्यंत धरून पाहा, नवीन पॅन त्या पट्टीच्या खाली येत असन तं घेऊच नका. अन् खोल घेतलंच तं फिल्टरही तेवढाच खाली येणारा पाह्यजे, नाहीतं तेल खाली अन् जाळी वर.

स्टीलचं घ्यायचं का ॲल्युमिनियमचं? ओतीव ॲल्युमिनियम लवकर दबत नाही, उष्णता सोडते, पण टोकदार दगडाचा जोरात मार बसला तं तडकू शकते. जाड स्टील वाकते पण सहसा फुटत नाही, अन् तालुक्याच्या गावात वेल्डिंगवाला भेटते. मी स्टीलच घेतलं. ड्रेन बोल्ट मात्र आत दबलेला पाह्यजे, बाहेर निघालेला असला तं पहिला गोटा त्यालाच लागते. अन् वॉरंटीतली गाडी असली तं शोरूमकडून लेखी घेऊन मंगच हात लावा.

बसवायचं काम मे महिन्यात काढू नका, कारण शेवटी सांगतो. जागा सपाट, गाडी जॅक स्टँडवर. विटा-दगडावर गाडी ठेवून खाली जायचं नाही, कितीही घाई असो. तेल कोमट असताना काढा, उकळतं नको. जुन्या पॅनला ड्रेन बोल्ट नसला तं एका बाजूचे बोल्ट ढिले करून पॅन तिरपं करा अन् तेल हळूहळू परातीत घ्या, निघालेलं तेल मोजून ठेवा. पॅनमधल्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असला तं चालते, आतलं घासून आलेला आहे तो. कपच्या, तुकडे दिसले किंवा तेलाला जळका वास आला तं थांबा, नवीन पॅननं ते दुखणं जाणार नाही. चुंबक पुसून नवीन पॅनमध्ये लावायला विसरू नका.

आतून पुसायला कापसाच्या चिंध्या वापरू नका. आपल्याकडं घरोघरी चिंध्याच असते, पण त्याचे तंतू व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल इकडंतिकडं वळवणाऱ्या बारीक नळ्यांच्या भागात जाऊन बसते. बिनतंतूचा कपडा घ्या. जुनं गॅस्केट (पॅन अन् बॉक्सच्या मधातली पट्टी) प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, वरची बॉडी ॲल्युमिनियमची असते, स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडा गेला की मंग जन्मभर थेंब-थेंब. कंपनीनं गॅस्केट सांगितलं असन तं त्यावर अजून सिलिकॉन थापू नका, आतल्या बाजूनं निघालेली त्याची गुठळी सुटून जाळीत जाते. सगळे बोल्ट आधी हातानं, मंग टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) आडवेतिडवे, मॅन्युअलमध्ये लिहिलं तेवढेच. बारीक बोल्ट आहे, जोर लावला की आट्या गेल्याच समजा.

तेल तेच, जे मॅन्युअलमध्ये लिहिलं. दुकानदार म्हणन सगळं सारखंच आहे, ऐकू नका. जेवढं निघालं तेवढं भरा, पॅन खोल असन तं वरचं जास्तीचं. मंग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, पी-आर-एन-डी सगळ्या गिअरमध्ये थोडा-थोडा वेळ थांबत फिरवा. नवीन बॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेल पाह्यची कांडी, नसते बहुतेक, लेव्हलचा बोल्ट खोलून तेल पाह्यचं असते, अन् ते ठराविक तापमानावर, बऱ्याच बॉक्समध्ये ४० अंशांच्या आसपास. आता मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच ४५. तेल आधीच तापून फुगलेलं, बोल्ट खोलला की जास्तीचं वाहून जाते, तुम्हाला वाटते लेव्हल बरोबर झाली, अन् थंड झालं की तेल कमी. म्हणून हे काम हिवाळ्यात करा, नाहीतं पहाटे, अन् तेलाचं तापमान गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पाहा, अंदाजानं नाही.

पॅनखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडाचा मार झेलणारा पत्राही लावत असाल तं भोकं असलेली लावा. काळी माती पॅन अन् प्लेटच्या मधात भरते, वाळून विटेसारखी बसते, अन् बॉक्सला गोधडी पांघरल्यासारखं होते. तेल १२० अंशांच्या वर गेलं की लवकर खराब होते. पावसाळ्यात दर खेपेनंतर पाण्याचा फवारा खालून मारा.

पॅन बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर खाली कागद टाकून रातभर गाडी उभी ठेवा, डाग पाहा.

अन् तरी कधी जोरात ठण्ण झालंच, तं गाडी तिथंच बंद करा. ट्रॅक्टरला दोर बांधून तशीच ओढत आणू नका, इंजिन बंद म्हणजे बॉक्सचा पंप बंद, चाकं फिरली की आतलं सगळं कोरडं फिरते. फोर बाय फोर असन तं ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) न्यूट्रलला टाकायची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहून घ्या अन् तेवढंच ओढा जेवढ्यात पांदण संपते. पुढं डांबरीवर गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवा.