कोंबुचा घरी करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका काकूंनी मला त्यांची बरणी दाखवली. चिनी मातीची, सासूबाईंच्या वेळची. आत कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, आणि त्यावर धरलेल्या जिवाणू-यीस्टच्या जाड सायीवर रुपयाएवढा हिरवट, कोरडा, लव आल्यासारखा डाग. "वरचं तेवढं काढून टाकायचं की! लोणच्याचं न्हाई का करत आपण?"

न्हाई, काकू. लोणच्याला मीठ-तेलाचा आधार असतो, हा गोड चहा आहे. बुरशीचं विष खाली उतरतं. सगळं ओतून द्यायचं, साय आणि विरजणासकट. सायीखाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे. त्यांना घाबरू नका.

मला जास्त काळजी बरणीची वाटली. कोंबुचा व्हिनेगरसारखा आंबतो आणि जुन्या चकाकीच्या लेपात शिसं असलं तर ते आंबट पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला असंच झालं: चिनी मातीच्या भांड्यात महिनोन्‌महिने कोंबुचा केला आणि दोघांनाही शिशाची विषबाधा झाली. तांब्या-पितळेचंही तेच. काचेची बरणी घ्या, तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड बांधा, नाहीतर चिलटं शिरतात.

विरजणात कंजुषी नको. लिटरभर चहाला आधीच्या घाण्याचं १०० मिली आंबट पाणी हवंच. पहिल्या दिवसांत तेच बुरशीला रोखतं. पीएच पट्टी, म्हणजे आंबटपणा मोजायचा कागद, ठेवा; आकडा कमी तितकं पाणी जास्त आंबट. सात दिवसांत ४.२ किंवा त्याखाली आलं नाही तर फेकून द्या, २.५ च्या खाली गेलं तरी पिऊ नका. बाटल्या भरल्या की फ्रीजमध्ये. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेली बंद बाटली गॅसनं फुटते.

यात थोडा अल्कोहोलही तयार होतो. गरोदर बायका, लहान मुलं, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी लांबच राहावं.

कॅन्सर बरा होतो, शुगर जाते, लिव्हर साफ होतं, हे मेसेज पुढं पाठवू नका. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि छोटे आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन बायकांच्या रक्तात आम्लता धोकादायक वाढली, एक दगावली. कोंबुचामुळंच, असं सिद्ध झालं नाही. पण निरोगी माणसानंही दिवसाला १२० मिलीवर थांबावं.

निघताना काकू हळूच म्हणाल्या, "शुगरची गोळी निम्मी केलीया मी." त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले. गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली आणि रक्तातलं शिसं तपासायलाही दिलं.