स्पाय थ्रिलर अर्ध्यांना आवडलाय, अर्धे शिव्या घालतायत, मग बघायचा की नाही हे कसं ठरवायचं

नवीन स्पाय ॲक्शन थ्रिलर आला की दोन दिवसांत हे होतंच, अर्धे लोक त्याला डोक्यावर घेतात, अर्धे म्हणतात अडीच तास फुकट गेले, आणि आपण मधे लटकतो. मग आपण दोन्ही बाजूंचं वाचून "ठीकठाक असेल" असं धरून चालतो आणि तिथेच फसतो. कारण असला सिनेमा बहुतेक वेळा ठीकठाक नसतोच, एखाद्याला तो प्रचंड आवडतो आणि शेजारच्याला अजिबात झेपत नाही. नावातच बघा ना, दोन वेगळे सिनेमे एकत्र बांधलेत. स्पाय म्हणजे पाळत, खोटी ओळख, कुजबुज, आतला कोण फुटलाय त्याचा शोध. ॲक्शन म्हणजे पाठलाग, मारामारी, स्फोट. एकजण पहिल्यासाठी येतो, दुसरा दुसऱ्यासाठी, आणि दोघंही एकाच जागी मार्क देऊन जातात.

आधी आकड्यांचं बघू, ते पटकन होतं. आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवर प्रेक्षकांनी दिलेल्या मार्कांची नुसती सरासरी बघून थांबू नका, कुणी किती मार्क दिलेत त्याच्या पट्ट्या दिसतात त्या उघडा. दहाजणांनी सगळ्यांनी 6 दिले तरी सरासरी 6, आणि पाचजणांनी 9, पाचजणांनी 3 दिले तरी सरासरी 6च, पण हे दोन पूर्ण वेगळे सिनेमे आहेत. रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यूंच्या साइटवरचा टक्का म्हणजे तर मार्क नाहीतच, किती टक्के समीक्षकांनी एकंदरीत चांगलं म्हटलं एवढंच तो सांगतो. तिथल्याच प्रेक्षकांच्या वेगळ्या टक्क्यात 5 पैकी साडेतीन किंवा जास्त स्टार दिले की तो माणूस "आवडला"मध्ये मोजला जातो. म्हणजे सगळ्यांनी जेमतेम साडेतीन दिले तरी 100 टक्के दिसणार. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक उगाच मोठ्या अपेक्षा घेऊन जातात आणि चिडून बाहेर येतात.

आता खरं काम, म्हणजे लोकांनी काय लिहिलंय ते वाचणं. सगळ्यात जास्त येणारा शब्द म्हणजे "स्लो". या एका शब्दावर सिनेमा सोडून देऊ नका, प्लीज. स्लो कधी झाला आणि तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते शोधा. 'कसिनो रॉयल' (2006) घ्या, त्यात मधला मोठा भाग पोकरच्या टेबलावर जातो, माणसं बसलेली, पत्ते, नजरानजर. ज्याला धावपळ हवीय त्याला तिथे जांभया येणार आणि ज्याला दोन माणसं एकमेकांना वाचतायत हे बघायला आवडतं त्याच्यासाठी तोच सिनेमाचा जीव. दोघंही खरं बोलतायत, एकाच सीनबद्दल बोलतायत. तेव्हा तक्रार वाचताना मी मनात विचारते की हा माणूस ज्याला कंटाळला ते मला बघायला आवडेल का, आणि खूपदा उत्तर हो येतं! शिवी वाचूनच मी सिनेमा बघायला गेलीये असं बऱ्याचदा झालंय. पण "शेवटचा अर्धा तास कसातरी गुंडाळलाय" असं वेगवेगळ्या आवडीचे लोक म्हणत असतील तर मात्र सावध व्हा, कारण तिथे आवडीचा प्रश्न राहत नाही.

दुसरी तक्रार "लॉजिक नाही". याचे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकत्र करून टाकतात. गाडी एवढ्या वरून पडली तरी हिरोला खरचटलंसुद्धा नाही, हा एक प्रकार, तो मी सरळ सोडून देते, ॲक्शनपटात तेवढं चालतं. दुसरा प्रकार म्हणजे माणसं असं का वागतात तेच कळत नाही, अख्खं आयुष्य हेरगिरीत घालवलेला अधिकारी अनोळखी माणसावर पाच मिनिटांत विश्वास ठेवतो वगैरे. हा प्रकार स्पाय सिनेमाला आतून पोखरतो कारण तिथे सगळा खेळच विश्वासाचा आहे. असं दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे लिहिलं असेल तर माझा उत्साह लगेच कमी होतो.

तिसरी, "मारामारीत काही दिसतच नाही". हलता कॅमेरा आणि भराभर कट. 'द बोर्न अल्टिमेटम'ला (2007) एडिटिंगचं ऑस्कर मिळालं आणि त्याच सिनेमाच्या हलत्या कॅमेऱ्याने गरगरतं अशी तक्रारही लोकांनी केली. ज्याला अशा कॅमेऱ्याने मळमळतं त्याच्यासाठी ऑस्करचा काय उपयोग? तुमचं डोकं काय सहन करतं ते तुम्हालाच माहीत, तिथे बहुमताचं ऐकू नका. आणि माणसाने सिनेमा कशावर बघितला तेही बघा, छोट्या फोनवर बघून "संवाद ऐकू आले नाहीत" म्हणणाऱ्याची आणि थिएटरात बसून तेच म्हणणाऱ्याची तक्रार सारखी नसते. 'टेनेट'च्या (2020) वेळी थिएटरात बसलेल्यांनीच ती केली होती.

पहिल्या दिवशीच्या मतांना मी कमी किंमत देते, पहिल्या शोला जाणारे बहुतेक आधीच त्या हिरोचे नाहीतर त्या सिरीजचे चाहते असतात. चार-पाच दिवस थांबा, मग ज्यांनी एखादा सीन नीट वर्णन करून लिहिलंय असे पाच-सहा लोक निवडा आणि त्यांनी आधीच्या एखाद्या तुम्ही बघितलेल्या स्पाय सिनेमाबद्दल काय म्हटलं होतं ते शोधा. ज्याचं तेव्हा तुमच्याशी जुळलं होतं त्याचं आत्ताचं मत धरा, बाकीचं सोडा. याला दहा मिनिटं लागतात फक्त.

आणि ठरलं की वाचणं तिथेच बंद करा, हे मी कळकळीने सांगतेय. स्पाय सिनेमात गद्दार कोण ते सांगितलं तरच स्पॉयलर असं नाही, गद्दार आहे एवढं कळलं तरी पुरतं. एकदा मी जायच्या आधी सहज अजून एक मत वाचलं, त्यात नाव वगैरे काही नव्हतं, फक्त लिहिलं होतं की शेवटपर्यंत संशय येत नाही. झालं, पहिल्या सीनमध्ये प्रेमाने कॉफी पुढे करणाऱ्या म्हाताऱ्या बॉसकडेच मी बघत बसले, आणि तोच निघाला.