पवई तलावावरील पाणपक्षी कसे मोजावेत

पक्ष्यांची यादी करणे आणि पक्षी मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. यादीसाठी पक्षी दिसला एवढे पुरते. मोजणीत मात्र तो किती संख्येने, पाण्याच्या कोणत्या भागात आणि किती वेळात दिसला हेही नोंदवावे लागते, कारण या तीन गोष्टी ठाऊक नसतील तर या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही. मुंबईत या कामासाठी पवई तलावाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. विहार आणि तुळशी हे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात असल्याने तेथे मुक्तपणे जाता येत नाही. पवईच्या दक्षिण काठाने मात्र आदि शंकराचार्य मार्ग जातो आणि पाण्याचा मोठा भाग पदपथावरूनच न्याहाळता येतो.

महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, पक्षी सप्ताह पाळला जातो आणि त्या दिवसांत तलावांवर दुर्बिणी घेऊन बरीच मंडळी दिसतात. त्या आठवड्यात मोजणी अवश्य करावी. पण माझ्या मते खरी उपयोगाची मोजणी नोव्हेंबरच्या अखेरची, कारण उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांपैकी बरेचसे तोवर स्थिरावू लागलेले असतात. शिवाय आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. भारतीय उपखंडात १९८७ पासून चालत आलेल्या या गणनेत भाग घ्यायचा असेल, तर त्याआधी आपल्या तलावाची आणि आपल्या नजरेची तयारी नोव्हेंबरातच झालेली बरी.

प्रथम उभे राहण्याच्या जागा कायमच्या ठरवाव्यात. दक्षिण काठावर तीन-चार जागा पुरतात, मात्र प्रत्येक जागेवरून दिसणाऱ्या पाण्याची हद्द समोरच्या काठावरील ठळक इमारत, टेकडीचा उतार किंवा एखादे वाळलेले झाड यांच्या आधारे आखून घ्यावी, म्हणजे एकच थवा दोन ठिकाणांहून दोनदा मोजला जात नाही. नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येत असल्याने दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास प्रकाश पाठीमागून, उजव्या अंगाने येतो आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. आयआयटीच्या आवारातील काठावरून मोजायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. कुठूनही मोजले तरी पाण्याच्या कडेला मुळीच उतरू नये. या तलावात मगरी आहेत.

सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि त्यानंतरचे दोन तास सर्वांत मोलाचे असतात. जांभळ्या पाणकोंबड्या त्या वेळी जलपर्णीच्या कडेला उघड्यावर येऊन चरतात. ऊन चढले की त्या आत शिरतात आणि आकडा उगाचच घटतो. थंडीच्या दिवसांत सकाळी धुरके असते. पलीकडचा काठ दिसत नसेल तर तेवढा भाग अंदाजाने भरू नये. धुरके निवळेपर्यंत थांबावे, नाही तर तो भाग मोजला नसल्याचे नोंदवहीत स्पष्ट लिहावे.

साधने मोजकीच लागतात: ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, हातात मावणारे मोजयंत्र, वही आणि शक्यतो एक जोडीदार. एकाने दुर्बिणीतून पाहत आकडे सांगावेत आणि दुसऱ्याने लिहावेत, कारण डोळे वहीकडे वळले की थव्यातली जागा हरवते. दुर्बीण डावीकडून उजवीकडे एकाच संथ गतीने फिरवावी आणि एका फेरीत दोन किंवा तीनच जाती मोजाव्यात. टिबुकली आणि पाणकावळा सतत बुड्या मारतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तोच भाग तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. तीन फेऱ्यांची बेरीज कधीही करू नये.

मोठ्या थव्यासाठी दहाच्या गठ्ठ्यांची पद्धत वापरावी. समजा अडई बदकांचा थवा पाण्यावर उतरला आहे. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट एकेक करून मोजावेत, त्या दहांनी पाण्यावर व्यापलेली जागा नजरेत धरावी आणि मग तेवढ्याच जागेचे तुकडे थव्यावर पुढे पुढे ठेवत जावे. थव्याच्या मधोमध पक्षी दाट आणि कडेला विरळ बसतात, हे लक्षात ठेवून मधल्या भागात पुन्हा एकदा दहा मोजून माप दुरुस्त करावे. उडता थवा मोजण्याची घाई करू नये. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत खाली येऊन फिरू लागला की वारकरी (कूट) हे काळे पाणपक्षी एकत्र गोळा होतात आणि बदके उठून जागा बदलतात. अशा वेळी मोजणी थांबवावी, सगळे पुन्हा बसले की त्या भागापासून नव्याने सुरुवात करावी. तलावावरून नुसते पुढे निघून जाणारे बगळे आणि घारी वेगळ्या रकान्यात लिहाव्यात.

या हंगामात ओळखीच्या बाबतीत खरी फसगत होते ती कमळपक्ष्यांमध्ये. पावसाळ्यात लांब शेपटीमुळे सहज ओळखू येणारा कमळपक्षी हिवाळ्यात ती शेपटी गाळतो, वरून तपकिरी आणि खालून पांढरा होतो. जलपर्णीवर त्याच्याजवळच कांस्यपंखी कमळपक्ष्याची पिल्ले असतील तर दोघांत गोंधळ होतो. तो उडेपर्यंत धीर धरावा: लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे पंख उडताना पांढरेशुभ्र दिसतात, कांस्यपंखीचे गडदच राहतात. बसलेला असतानाही लांब शेपटीच्या पक्ष्याच्या मानेच्या बाजूने उतरून छातीवर जुळणारी काळसर रेघ पाहता येते. भुवई बदकांचे नरही या महिन्यात बहुधा मादीसारखेच दिसतात, म्हणून नर-मादीचे वेगळे आकडे देण्याचा हट्ट नोव्हेंबरात धरू नये. वंचक हा लहान बगळा काठावर निश्चल बसतो तेव्हा मातीत आणि सुक्या पानांत मिसळून जातो, त्यामुळे काठाची पट्टी स्वतंत्रपणे आणि सर्वांत सावकाश पाहावी.

जात पटली नाही तर 'अनोळखी बदक, सात' असे लिहावे. तलावातील बदकांच्या एकूण संख्येत त्या सात पक्ष्यांचा हिशेब राहतो. अंदाजाने दिलेले नाव मात्र पुढच्या प्रत्येक तुलनेत चूक पेरत जाते.

जलपर्णीची नोंद पक्ष्यांइतक्याच काळजीने घ्यावी, आणि या मुद्द्यावर मी आग्रही आहे. पवईत ही वनस्पती वाढते, काढली जाते आणि पुन्हा वाढते. तिच्या व्याप्तीप्रमाणे कमळपक्षी व पाणकोंबड्या वाढलेल्या किंवा घटलेल्या दिसतात, तर मोकळ्या पाण्यावरील बदके व वारकरी नेमके उलटे वागतात. म्हणून प्रत्येक जागेवरून दिसणाऱ्या पाण्यापैकी किती भाग जलपर्णीने झाकला आहे, पाव, अर्धा की पाऊण, हे लिहून ठरलेल्या कोनातून एक छायाचित्रही घ्यावे. ही नोंद नसेल तर कमळपक्षी कमी झाले म्हणजे नेमके काय झाले, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही.

वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, मोजणाऱ्यांची संख्या, हवा आणि दृश्यमानता लिहावी. जी जात दर वर्षी दिसते आणि या वेळी दिसली नाही, तिच्यापुढे शून्य लिहावे. रिकामी जागा ठेवल्यास पक्षी नव्हता की पाहायचाच राहिला, हे कळत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सर्व जाती नोंदवल्या असतील तरच ती पूर्ण यादी म्हणून द्यावी आणि शक्य तेथे प्रत्येक जातीपुढे आकडा भरावा. जोडीदाराचा आणि आपला आकडा फार वेगळा आला तर दोन्हींची सरासरी काढून मोकळे होऊ नये. तलावाकाठून निघण्यापूर्वीच तो थवा दोघांनी मिळून पुन्हा मोजावा.