अस्पृश्यांच्या शाळाप्रवेशाचे आणि हक्कांचे मूळ कागद कसे शोधावेत

मुंबई इलाख्यात अस्पृश्य मुलांना शाळेत कसे घेतले, कसे नाकारले, याचा अभ्यास करणारे बहुतेक जण मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीत, जाऊन थेट 'शिक्षण' विषयाची सूची मागतात आणि दोन दिवसांत हिरमुसून परततात. तिथला कागद विषयाने लावलेला नसतो. तो विभाग, साल, व्हॉल्यूम आणि कम्पायलेशन (एका प्रकरणाचे एकत्र बांधलेले कागद) या क्रमाने बांधलेला असतो. म्हणून आधी छापील साधनांतून एखादी घटना, तिची तारीख आणि जमल्यास पत्राचा जावक क्रमांक हाती घ्यावा. पायरी चढायची ती त्यानंतर.

हे धारवाडच्या उदाहरणावरून पाहू. जून 1856 मध्ये एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारने 21 जुलै 1856 रोजी शाळेचीच बाजू उचलून धरली. 23 जानेवारी 1857 च्या पत्रात हिंदुस्थान सरकारने वेगळे मत दिले, आणि 1858 मध्ये लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा खलिता आला. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1928 मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हा पत्रव्यवहार येतो. हे निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे आणि त्याची पीडीएफ फुकट मिळते. तिथल्या तारखा टिपून घेतल्या की एकाच घटनेचे तीन ठिकाणचे कागद मागता येतात: मुंबईत एज्युकेशन डिपार्टमेंटचे 1856 चे व्हॉल्यूम, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होम डिपार्टमेंटचे कागद आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स. दिल्लीचा बराच ऐवज 'अभिलेख पटल' या पोर्टलवर नोंदणी करून घरबसल्या चाळता येतो.

तीन जागांचा उपयोग केवळ पडताळणीपुरता नाही. मुंबईत मागणीची चिठ्ठी दिल्यावर 'जीर्ण, देता येत नाही' असा शेरा मिळणे नेहमीचेच. अशा वेळी हट्ट धरून काही होत नाही. प्रांतिक सरकारांच्या कामकाजाच्या प्रती लंडनला जात असत. त्या तिथे 'पी' मालिकेत आहेत, तर शिक्षण खात्याचे छापील वार्षिक अहवाल 'व्ही/24' मध्ये.

पुढची अडचण शब्दांची. आजचा शब्द घालून शोधलात तर हाती काहीच लागणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत 'लो कास्ट्स' शोधा, नाही तर थेट जातीचे नाव: महार, म्हार, धेड, मांग. विसाव्या शतकात 'डिप्रेस्ड क्लासेस' आणि 'अनटचेबल्स' रूढ होतात. 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द 1935 च्या कायद्यानंतरचा. 'बॅकवर्ड'चा अर्थ तर दर अहवालात बदलतो. मराठीत अतिशूद्र, अंत्यज, अस्पृश्य, बहिष्कृत, हरिजन असे सगळे घालून पाहावे लागतात. कोणत्या सालात कोणता शब्द चालला याचा अर्ध्या पानाचा तक्ता करून जवळ ठेवा.

आकडे उचलताना तर फारच सांभाळा. जनगणनेत 1881 आणि 1891 ला 'शिकत असलेले', 'साक्षर' आणि 'निरक्षर' असे तीन रकाने होते. 1911 पासून मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे ही साक्षरतेची कसोटी झाली. या दोन काळांतले जातवार आकडे शेजारी ठेवून 'प्रगती' किंवा 'पीछेहाट' दाखवणारे आलेख सर्रास दिसतात, त्यांना काही अर्थ नाही. शिक्षण संचालकांच्या अहवालातही तक्त्याखालची बारीक टीप आधी वाचावी.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, हे सर्वांत जवळचे साधन, पण नुसत्या नावाने शोधू नका. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी 1914 क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. 'भीमराव' शोधणाऱ्याच्या नजरेतून ती सुटेल. वडिलांचे नाव आणि प्रवेशाचे साल यांवरून उतरत जावे. जातीच्या दाखल्यांसाठी ही रजिस्टरे आजही लागतात, त्यामुळे मुख्याध्यापक बिचकतात. संस्थेचे शिफारसपत्र घेऊन जावे आणि विद्यार्थ्यांची नावे छापणार नाही असे लेखी द्यावे. तिथेच तपासनिसांचे शेरेबुक आहे का, हेही विचारा. मुले वर्गात बसत होती की ओट्यावर, हे रजिस्टर सांगत नाही. शेरेबुक सांगण्याची शक्यता असते.

हक्कांचे कागद मात्र शिक्षण खात्यात थोडेच सापडतील, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा एस. के., म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव घ्या; कुठेकुठे तो चुकीने सी. के. बोले यांचा म्हणून छापला जातो. तो 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने हे सगळे त्या एकाच ठरावात आहे. म्हणजे शाळेचा माग पाण्याच्या फायलीतून काढावा लागतो. कायदेमंडळाच्या छापील चर्चेतून सरकारी आदेशाकडे या, तिथून नगरपालिकेच्या ठरावबुकाकडे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव 5 जानेवारी 1924 चा आहे. सत्याग्रह मार्च 1927 चा, आणि पालिकेने आपला ठराव मागे घेतला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. कायदेमंडळाची चर्चा वाचून थांबणारा हे सारे हुकवतो. त्यापुढचा, तळ्याच्या दाव्यातला हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 चा. तो लॉ रिपोर्टात छापलेला आहे, पण साक्षी-जबान्या त्यात पूर्ण नसतात. त्यांच्यासाठी खालच्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये दावा क्रमांक देऊन नकलेचा अर्ज करावा. जुन्या फायली मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, तेव्हा आधी निर्लेखनाची नोंदवही पाहायला मागा. फेऱ्या वाचतील.

सरकारी फायलीत बोलतो तो अधिकारी. दुसरा आवाज हवा असेल तर फायलीच्या तळाशी जोडलेले मूळ अर्ज वाचा. ते पुष्कळदा मोडीत असतात, म्हणून मोडी निदान अक्षर लावून वाचण्याइतकी शिकून घ्या. नियतकालिकांत मिशनऱ्यांचे 'ज्ञानोदय' अवश्य पाहा. फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध तिथे 1855 मध्ये दोन भागांत आला. संकलनांत तो अनेकदा छाटून दिलेला दिसतो, म्हणून दोन्ही अंक काढून जुळवा. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' या पत्रांचे शासकीय पुनर्मुद्रण सहज मिळते. जोतीराव फुले यांचे हंटर शिक्षण आयोगापुढचे निवेदन 19 ऑक्टोबर 1882 चे. आयोगाच्या मुंबई प्रांताच्या साक्षीखंडात ते मुळातून वाचा, कारण आजूबाजूच्या पानांवर त्याच प्रश्नांना इतरांनी दिलेली उत्तरे आहेत.

टिपण घेताना पहिल्या ओळीत विभाग, साल, व्हॉल्यूम, कम्पायलेशन आणि पान, मगच मजकूर. फोटोला परवानगी असेल तर आधी फायलीच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो काढा. पट्टीशिवायचे दोनशे फोटो घरी उघडल्यावर कुठले ते सांगता येत नाही.