383 इंजिन पेटतं, पण चावी सोडली की बंद पडतं: बॅलास्ट रेझिस्टर तपासा

1969 डॉज चार्जर, 383 व्ही-8, पॉइंट्सचं इग्निशन (पॉइंट्स म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन पेटायचं, चावी सोडली की लगेच गप्प. फ्युएल फिल्टर, कार्ब्युरेटरचा फ्लोट, नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), सगळं वाया. डोकं उठलं होतं.

चावी स्टार्टवर असताना कॉइलला तपकिरी वायरीतून थेट करंट मिळतो. चावी सोडली की ती रनवर येते, तेव्हा निळ्या वायरीतून, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) चिनीमातीच्या बॅलास्ट रेझिस्टरमार्गे; तो कॉइलचा करंट कमी ठेवतो. चावी रनवर ठेवून मोजलं: रेझिस्टरच्या अलीकडे 12 व्होल्ट, पलीकडे शून्य. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, रेझिस्टर सोडवून मीटर लावला: आतली तार तुटलेली. चांगला असेल तर साधारण अर्धा ओहम दाखवतो. टर्मिनल घासून नवा बसवला, इंजिन चालू राहिलं.

रेझिस्टर टाळून थेट वायर जोडून गाडी चालवू नका, पॉइंट्स जळतात. तो चांगलाच तापतो, त्यामुळे वायरी त्याला टेकू देऊ नका.