ऑइल प्रेशरचा काटा वाचताना या चुका टाळा

"सर, प्रेशर गेलंय!" मी विमानांचा मेकॅनिक. मे महिन्यात दुपारच्या तिसऱ्या सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) हे मी दरवर्षी ऐकतो. सेस्ना १७२ हे छोटं विमान एप्रनवर (पार्किंगच्या जागेवर) उभं, इंजिन आयडलवर (अगदी हळू फिरतंय), ऑइल प्रेशरचा काटा ३० च्या आसपास. हिरवी पट्टी ५० ला सुरू होते, म्हणून विमान उडवणाऱ्या पोराचा जीव टांगणीला. मी फक्त थ्रॉटल १८०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) न्यायला सांगतो. काटा साठीत जाऊन बसतो. तेल तापून पातळ झालंय आणि पंप हळू फिरतोय, एवढंच. १७२एस या मॉडेलची खालची लाल रेघ २० पीएसआयवर (दाबाचं एकक) आहे. आयडलला काटा तिच्या खाली गेला, किंवा आरपीएम वाढवूनही हिरव्यात येईना, तर मात्र इंजिन बंद करा.

उलटी चूक जास्त महागात पडते. सकाळी इंजिन सुरू झालं की पोरं रेडिओ आणि हेडसेटशी खेळत बसतात. सुरू झाल्यापासून ३० सेकंदांत काटा उठायलाच हवा. कडाक्याच्या थंडीत फार तर मिनिटभर. नाही उठला तर मिक्श्चरचा दांडा मागे ओढून इंजिन बंद. "बघू अजून थोडं" म्हणण्यात बेअरिंगं कोरडी फिरत असतात.

दुसरा गैरसमज असा की प्रेशर चांगलं म्हणजे तेल भरपूर. प्रेशर तेलाचा साठा दाखवत नाही. पंपाने ढकललेल्या तेलाला वाटेत किती अडथळा होतोय, ते दाखवतं. ८ क्वार्टचे (एक क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) ५ झाले तरी काटा जागचा हलत नाही. पंप हवा ओढायला लागला की मग एकदम पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. साठा कळतो डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर), तीही विमान सपाट जागी असताना आणि इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं गेल्यावर. लगेच बघितलंत तर बरंच तेल अजून इंजिनात वरच असतं; मग कमी समजून ओतता आणि जादाचं ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येऊन विमानाचं पोट माखतं.

तेलाच्या डब्यावरचा आकडाही फसवतो. डब्ल्यू१०० म्हणजे एसएई (तेलाच्या दाटपणाचं माप) ५०, १०० नव्हे. डब्ल्यू८० म्हणजे एसएई ४०. हिवाळ्यात भरलेलं पातळ तेल मे महिन्यापर्यंत तसंच राहिलं की आयडलचं प्रेशर खाली येणारच.

आता आमच्या, म्हणजे मेकॅनिकांच्या बाजूची चूक. प्रेशर कमी दिसलं की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळायचा (या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगने सीटवर दाबलेला बॉल जादा प्रेशर झालं की उचलला जाऊन तेल सोडतो; स्क्रू पिळला की स्प्रिंग घट्ट होतो), ही खोड अनेकांना असते. मलाही होती. एका लायकमिंग इंजिनवर प्रेशर ४५ च्या वर जाईना, म्हणून मी बाहेरूनच स्क्रू आत घेतला. काटा हिरव्यात आला, मी खूश. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू केलं तर काटा ११५ ची वरची लाल रेघ ओलांडून गेला. व्हॉल्व्ह उघडला. सीटवर नखाला जाणवेल एवढी बारीक खूण होती, आणि फिल्टर कापल्यावर त्याच्या कागदाच्या घडीत तिळाएवढा कडक कार्बन सापडला. तो कण बॉलखाली अडकून तेल गळवत होता. रात्रीत सुटला आणि माझा पिळलेला स्प्रिंग तेवढा मागे उरला. तेव्हापासून आधी इंजिनच्या पोर्टला तपासलेला मेकॅनिकल गेज लावतो, मग व्हॉल्व्ह उघडून साफ करतो, सक्शन स्क्रीन (पंपाआधीची जाळी) आणि फिल्टर बघतो. फिल्टरमध्ये धातूचा चुरा चमकला तर स्क्रूला हातही लावत नाही.

गेज खोटं बोलतो, हे खरंच आहे. लँडिंग लाइट लावला की काटा हलत असेल तर सेंडरची (प्रेशर मोजून गेजला कळवणाऱ्या सेन्सरची) वायर किंवा अर्थिंग बघा. जुन्या विमानांत थेट तेलाचीच बारीक नळी गेजपर्यंत येते; तिथे पॅनेलमागे ओल दिसते. पण हवेत असताना "गेजच खराब असेल" हा निकाल तुम्ही देऊ नका. प्रेशर कमी आणि तापमान नेहमीसारखं, तर जवळच्या धावपट्टीवर उतरा. प्रेशर पडतंय आणि तापमान चढतंय, तर पॉवर कमी करून उतरायला जागा शोधा. आणि तेल वाहायचंच थांबलं तर तापमानाच्या सेन्सरला गरम तेल भेटणार कुठून? तो काटा शांत आहे म्हणून पुढे जाऊ नका.

शेवटी, स्नॅग (विमानातल्या बिघाडाची नोंद) लिहिताना "ऑइल प्रेशर लो" एवढंच लिहिलंत तर मला अर्धा दिवस शोधत बसावं लागतं. असं लिहा: "आयडल ८०० आरपीएम, तेल २०० फॅरनहाइट, प्रेशर २८. क्रूझ (सरळ उड्डाण) २४०० ला ६२, मागच्या आठवड्यात ७०. उड्डाणाआधी ७ क्वार्ट, नंतर साडेसहा."